खंडाने कसलेल्या कथा

अमेरिकी कॉमिक पुस्तकांचे इतिहास बहुधा सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन अशा नायकांभोवती गुंफले जातात, म्हणजे ज्यांची मालकी प्रकाशन कंपनीकडेच आहे अशा पात्रांभोवती. आणि खेळणी, व्हिडिओ गेम, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका यांच्यावरून काढलेल्या कॉमिक मालिकांना त्यांत फार तर एखादा परिच्छेद मिळतो. या मालिका मुळात जाहिराती होत्या, असे त्यामागचे गृहीतक आहे आणि ते खोटेही नाही. परंतु १९७७ ते १९९४ या काळात मार्व्हल या न्यूयॉर्कच्या कंपनीने काढलेल्या अशा काही मालिका वाचकांनी वर्षानुवर्षे वाचल्या, ज्या खेळण्यासाठी त्या निघाल्या ते दुकानांतून नाहीसे झाल्यावरही त्यांतल्या एकदोन चालू राहिल्या, आणि काहींनी खेळण्याला असा पूर्वेतिहास, स्वभाव आणि वैरी मिळवून दिला की पुढे खेळणी विकणारी कंपनीच त्या कथांच्या मागे चालू लागली. जाहिरातीच्या पोटी एवढे टिकाऊ काही कसे जन्माला आले, याचे उत्तर कलाविचाराच्या आधी करारनाम्यात शोधावे लागते.

अशा मालिकेला परवाना-कॉमिक म्हणता येईल. परवाना म्हणजे एखाद्या पात्राचे नाव, रूप आणि त्याच्याशी निगडित कथा ठरावीक मुदतीपुरती वापरण्यासाठी मोबदला घेऊन दिलेली संमती. हा मोबदला कधी ठोक रकमेत असतो, तर कधी विकल्या गेलेल्या प्रतींमागे ठरलेल्या हिश्शाच्या, म्हणजे स्वामित्वधनाच्या रूपात. मुदत संपली की नाव आणि रूप मूळ मालकाकडे परत जाते. मधल्या काळात प्रकाशकाच्या लेखकांनी जे नवे घडवले ते कोणाचे, हा प्रश्न करार कसा लिहिला आहे यावर अवलंबून राहतो, आणि लेखक-चित्रकाराचे ते बहुधा नसतेच. कारण त्या काळच्या अमेरिकी कॉमिक व्यवसायात त्यांचे काम ‘मोबदल्यावर करून दिलेले काम’ या कायदेशीर सदरात धरले जाई, ज्यात निर्मितीचा प्रताधिकार पहिल्या क्षणापासून काम देणाऱ्या कंपनीचा असतो. खंड भरून दुसऱ्याचे रान कसणाऱ्या कुळासारखी ही व्यवस्था होती. फरक एवढाच की येथे कुळ म्हणजे प्रकाशन कंपनी आणि प्रत्यक्ष औत धरणारा गडी तिसराच.

या प्रकाराची मुळे जुनी आहेत. वेस्टर्न पब्लिशिंग ही कंपनी वॉल्ट डिस्नेच्या पात्रांची कॉमिक्स तयार करून घेई आणि डेल ही कंपनी ती बाजारात आणी; १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ या मासिकाचा खप १९५०च्या दशकाच्या आरंभी अंकामागे तीस लाखांच्या घरात पोहोचला होता. पडद्यावरचा डोनाल्ड डक हा सात-आठ मिनिटांच्या विनोदी चित्रपटांतला चिडखोर बदक होता. त्याला राहायला डकबर्ग नावाचे गाव दिले आणि १९४७ मध्ये स्क्रूज हा कंजूष, कोट्यधीश काका दिला तो कार्ल बार्क्स या चित्रकार-लेखकाने. अंकांवर त्यांचे नाव छापले जात नसे, त्यामुळे ज्यांना त्यांची रेषा ओळखू येई ते वाचक त्यांना ‘चांगला बदकवाला’ एवढ्याच नावाने ओळखत. स्क्रूज अर्थातच डिस्नेच्या मालकीचा झाला, आणि पुढे १९८७ मध्ये त्याच्यावर बेतलेली ‘डकटेल्स’ ही मालिका निघाली, जी महाराष्ट्रातल्या एका पिढीने रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून पाहिली. भाड्याच्या पात्रावर काम करणारा लेखक मूळ मालकाच्या मालमत्तेत केवढी भर घालू शकतो, याचे बार्क्स हे पहिले मोठे उदाहरण ठरतात.

मार्व्हलच्या बाबतीत मात्र परवान्यांचा खरा ओघ सुरू झाला तो ‘स्टार वॉर्स’पासून. १९७६ च्या सुमारास जॉर्ज लुकास यांच्या कंपनीचे प्रसिद्धिप्रमुख चार्ल्स लिपिनकॉट मार्व्हलकडे आले तेव्हा चित्रपट अर्धवट होता, अवकाशकथांची कॉमिक्स फारशी खपत नाहीत हा व्यवसायातला पक्का समज होता, आणि मार्व्हलची आर्थिक स्थितीही नाजूक होती. चित्रपट झळकण्यापूर्वी काही अंक बाजारात असावेत एवढीच लुकास यांच्या माणसांची निकड असल्याने, पहिल्या एक लाख प्रतींपर्यंत स्वामित्वधन द्यायचे नाही अशा अटीवर सौदा झाला. रॉय थॉमस यांनी लिहिलेला आणि हॉवर्ड चेकिन यांनी काढलेला पहिला अंक एप्रिल १९७७ मध्ये आला, चित्रपट २५ मे रोजी प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर अंकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढाव्या लागल्या. १९७८ मध्ये मार्व्हलचे मुख्य संपादक झालेले जिम शूटर यांनी पुढे लिहिले आहे की १९७७ आणि १९७८ या दोन अवघड वर्षांत कंपनी तगून राहण्यात या मालिकेचा मोठा वाटा होता. चित्रपट आला त्या १९७७ च्या नाताळात खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीकडे ‘स्टार वॉर्स’च्या पुतळ्या तयारच नव्हत्या, म्हणून तिने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट आणि त्यात पुतळ्या नंतर टपालाने मिळतील असे प्रमाणपत्र विकले. पुतळ्यांच्या आधी पोहोचलेली कथा मुलांच्या हातात होती, ती कॉमिक अंकांत.

चित्रपटाची गोष्ट सहा अंकांत संपली आणि अडचण तेथून सुरू झाली. सातव्या अंकापासून लेखकांना नवे प्रसंग रचायचे होते, पण पुढच्या चित्रपटात काय घडणार आहे हे लुकास यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. जॅबा हे पात्र पहिल्या चित्रपटातून कापले गेले होते, तरी कॉमिकमध्ये ते आले आणि तेथे चित्रकाराने त्याला मिशाळ, पिवळ्या कातडीचा, दोन पायांवर चालणारा प्राणी म्हणून रंगवले. १९८३ च्या चित्रपटात तोच जॅबा अवाढव्य गोगलगायीसारखा निघाला. त्याहून सूचक प्रसंग १९८१ चा आहे. डेव्हिड मिकेलिनी आणि वॉल्ट सायमनसन यांनी साम्राज्य दुसरा ‘डेथ स्टार’ उभारते अशी कथा आखली, ती लुकासफिल्मने नाकारली, आणि मग लेखकांनी तेच शस्त्र ‘टार्किन’ या नावाने, रूप बदलून वापरले. नकाराचे कारण तिसरा चित्रपट आल्यावर उघड झाले, कारण त्याची कथाच दुसऱ्या डेथ स्टारभोवती फिरत होती. मूळ कृती जिवंत आणि वाढती असली की परवाना घेतलेल्या लेखकाला भिंतींना हात लावत अंधारात चालावे लागते. ही मालिका तरीही १०७ अंक, १९८६ पर्यंत चालली. पण तिच्यातले सगळ्यात मोकळे लेखन अंगावर शहारा आणणारे झाले असे म्हणता येत नाही, आणि आठव्या अंकातल्या जॅक्सन नावाच्या हिरव्या सशाची थट्टा आजतागायत चालू आहे.

ज्या वस्तूला कथाच नव्हती तिच्याबाबतीत चित्र उलटे झाले. ताकारा या जपानी कंपनीची ‘मायक्रोमॅन’ नावाची छोटी खेळणी अमेरिकेत मेगो कंपनी ‘मायक्रोनॉट्स’ या नावाने विकत होती. १९७७ च्या नाताळात ती मार्व्हलचे लेखक बिल मँटलो यांच्या मुलाला भेट मिळाली आणि त्या खेळण्यांकडे पाहून मँटलो यांनी शूटर यांना परवाना घेण्यास राजी केले. जानेवारी १९७९ अशी तारीख असलेल्या पहिल्या अंकापासून मायकेल गोल्डन यांच्या बारीक, दाट रेखाटनांनी या मालिकेला जे रूप दिले त्यामुळे ती पाहता पाहता जाणत्या वाचकांची आवडती झाली. मेगोच्या पुतळ्यांत बॅरन कार्झा, अ‍ॅक्रोयर, बायोट्रॉन होते. मँटलो यांनी त्यांच्या शेजारी सेनापती रॅन, राजकन्या मॅरिओनेट आणि बग नावाचा कीटकवीर अशी स्वतःची पात्रे उभी केली. मेगोचे १९८२ मध्ये दिवाळे निघाले, मालिका मात्र १९८४ पर्यंत चालली आणि नंतर नव्या नावाने आणखी वीस अंक निघाली. पुढे परवाना सुटला तेव्हा कार्झा आणि अ‍ॅक्रोयर खेळण्याच्या मालकाकडे गेले, आणि बग मार्व्हलकडे राहिला. २००८ पासूनच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ मालिकेत तो दिसतो.

मँटलो यांचेच ‘रॉम’ हे या सगळ्या प्रकारातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. मोनोपॉलीसारख्या पटावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या पार्कर ब्रदर्स कंपनीने १९७९ मध्ये एक इलेक्ट्रॉनिक पुतळा बाजारात आणला. शोधकांनी त्याला ‘कोबॉल’ या संगणकभाषेचे नाव दिले होते, कंपनीने ते बदलून संगणकाच्या स्मृतीवरून ‘रॉम’ असे केले. राखाडी रंगाचा, ताठ, डोळ्यांच्या जागी लाल दिवे आणि काही ठरावीक आवाज काढणारा हा पुतळा हातपाय फारसे हलवू शकत नसे. सोबत तीन उपकरणे येत, एक विश्लेषक, एक अनुवादक आणि एक शत्रूला निष्प्रभ करणारे. याखेरीज तो कोण, कोठला, कोणाशी लढतो, याविषयी खेळण्यात जवळजवळ काहीच नव्हते. मार्व्हलला परवाना देण्यामागे पार्कर ब्रदर्सचा हेतू हीच पोकळी भरून काढण्याचा होता.

मँटलो यांनी ती पोकळी ज्या पद्धतीने भरली ती आजही नवशिक्या कथाकाराने अभ्यासावी अशी आहे, कारण त्यांनी कथा बाहेरून आणून पुतळ्यावर लादली नाही, तर उपकरणांतूनच ती काढली. विश्लेषक आहे म्हणजे काहीतरी ओळखण्याजोगे लपलेले असणार; म्हणून त्यांनी ‘डायर रेथ’ नावाचे रूप पालटणारे परग्रहवासी निर्माण केले, जे पृथ्वीवर माणसांच्या वेषात मिसळून गेले आहेत आणि ज्यांना फक्त रॉमचे यंत्र ओळखू शकते. तिसरे उपकरण शत्रूला निष्प्रभ करते, म्हणजे मारत नाही. म्हणून ते त्यांना ‘लिंबो’ या अधांतरी लोकात हाकलून देते. आता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आपोआप एक शोकांतिका तयार होते. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेअरटन या काल्पनिक गावात आकाशातून उतरलेला एक धातूचा राक्षस रस्त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांवर शस्त्र रोखतो, ते राखेचा ढीग होऊन नाहीसे होतात, आणि गावकऱ्यांच्या लेखी तो खुनी ठरतो. खेळण्याचा ताठपणाही वाया गेला नाही: रॉम हा गॅलॅडोर ग्रहावरचा एक तरुण होता, त्याने आपल्या लोकांसाठी माणूसपण देऊन हा पत्रा अंगावर चढवला, आणि ते परत कधी मिळेल याची त्याला खात्री नाही, अशी बैठक मिळाल्यावर त्याचे जड चालणेच करुण वाटू लागते.

पुतळा खपला नाही आणि पार्कर ब्रदर्सने तो लवकरच बंद केला. मालिका मात्र डिसेंबर १९७९ पासून फेब्रुवारी १९८६ पर्यंत पंचाहत्तर अंक चालली, बहुतांश सॅल ब्युसेमा यांच्या आणि अखेरच्या टप्प्यात स्पायडरमॅनचे सहनिर्माते स्टीव्ह डिटको यांच्या रेखाटनांसह. आणि ती अर्धवट न तोडता रॉमला त्याचे माणूसपण परत देऊन संपवली गेली. ज्याची जाहिरात करायची ती वस्तूच बाजारात उरली नाही तेव्हा जाहिरात आपसूक निव्वळ कथा झाली, आणि मँटलो यांना कोणतीही नवी पुतळी अंकात आणण्याची सक्ती नसल्यामुळे एक शत्रू आणि एक लढा यांवर सहा वर्षे लक्ष ठेवता आले. पुढच्या दोन मालिकांच्या लेखकांच्या नशिबी हा निवांतपणा नव्हता.

हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक विकायला काढला तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या भीतीने तिने त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हटले, आणि हा शब्द पुढे सगळ्या धंद्याचाच झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते खेळणे मागे पडले. ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची पुतळ्यांचा खप पाहून १९८२ मध्ये हॅस्ब्रोने त्याच मापात एक अख्खी तुकडी पुन्हा आणायचे ठरवले, तेव्हा आड आला तो जाहिरातींविषयीचा दंडक. अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवता येईल यावर बंधन होते, कारण चित्रातले विमान उडते आणि घरी आणलेले उडत नाही. कॉमिक पुस्तकाच्या जाहिरातीला मात्र असे बंधन नव्हते, कारण दूरचित्रवाणीवर कॉमिक पुस्तकाची जाहिरात कोणी कधी करतच नसे. त्यामुळे हॅस्ब्रोने पैसे घातले, मार्व्हलने अंक काढला, आणि पडद्यावर पूर्ण ॲनिमेशनमध्ये झळकली ती ‘जी. आय. जो’ या कॉमिकच्या नव्या अंकाची जाहिरात, ज्यात दिसणारी प्रत्येक गाडी आणि प्रत्येक सैनिक दुकानात उपलब्ध होता. नियमाची ही पळवाट नसती तर ही मालिका एवढ्या मोठ्या पायावर उभी राहिली असती का, याची शंका आहे.

हे काम लॅरी हामा यांच्याकडे आले ते मार्व्हलमधल्या बाकीच्यांनी नाकारल्यावर, असे ते स्वतः सांगत आले आहेत. खेळण्यावरचे कॉमिक म्हणजे कमी प्रतीचे काम, अशी तेव्हा संपादकीय दालनांत समजूत होती. हामा व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलात होते, आणि मार्व्हलसाठी ‘फ्युरी फोर्स’ नावाच्या गुप्त पथकाची एक योजना त्यांनी आधीच आखलेली होती. ती या नव्या तुकडीला लागू पडली. तुकडीला वैरी हवा हे मार्व्हलचे संपादक आर्ची गुडविन यांनी सुचवले आणि त्यातून ‘कोब्रा’ ही संघटना आली, म्हणजे खेळण्यांच्या अर्ध्या बाजारपेठेची कल्पना कॉमिकच्या टेबलावर जन्मली. पात्रांचा गोंधळ होऊ नये म्हणून हामा प्रत्येकाचे टिपण ठेवत: खरे नाव, जन्मगाव, हुद्दा, सैन्यातले कसब, स्वभावातली एखादी खोड. हॅस्ब्रोला ही टिपणे इतकी आवडली की पुतळीच्या पुठ्ठ्याच्या मागे ती छापली जाऊ लागली आणि कात्रीने कापून जमवायची ओळखपत्रे म्हणून लाखो मुलांनी ती जपली.

गोव्यात कारखाना असलेली फनस्कूल ही भारतीय कंपनी हॅस्ब्रोच्या परवान्याने हेच सैनिक बनवत असे. परदेशी संग्राहक भारतीय पुतळ्या आवर्जून शोधतात, कारण त्यांतले रंग कधी कधी मूळ पुतळीशी अजिबात न जुळणारे, भडक आणि अनपेक्षित असत. मुंबई-पुण्यातल्या ज्या मुलांना मार्व्हलचा एकही अंक पाहायला मिळाला नसेल त्यांच्याही हातात खेळण्याच्या वेष्टनावाटे हामा यांनी घडवलेले जग थोडेफार आलेच.

हामा यांच्या लेखनातली सर्वांत धीट कामगिरी १९८४ च्या एकविसाव्या अंकात आहे, ज्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकही शब्द नाही, ना संवादाचा फुगा, ना आवाजाचे अक्षर. स्नेक-आइज नावाचा काळा पोशाख घातलेला, न बोलणारा सैनिक शत्रूच्या गडात शिरून सहकारी स्कार्लेटला सोडवायला जातो. गडात स्टॉर्म शॅडो हा पांढऱ्या वेषातला निंजा त्याच्या वाटेत येतो. आणि शेवटच्या चौकटीत दोघांच्या हातावर एकच गोंदण असल्याचे कळते. या एका चित्राने पुढच्या कित्येक वर्षांचे कथानक पेरले. गंमत अशी की स्नेक-आइज संपूर्ण काळा झाला तो कलात्मक विचाराने नव्हे. हॅस्ब्रोला एका पुतळीवरचा रंगकामाचा खर्च वाचवायचा होता, म्हणून ती काळ्या प्लास्टिकमध्येच ओतली गेली. चेहरा नाही, रंग नाही, म्हणून हामा यांनी त्याला आवाजही दिला नाही, आणि सर्वांत स्वस्त पुतळी सर्वांत लोकप्रिय पात्र बनली. मालिका १९९४ पर्यंत १५५ अंक चालली आणि तिचा फार मोठा भाग हामा यांनीच लिहिला.

‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या वेळी हॅस्ब्रोने सुरुवातीपासूनच मार्व्हलला हाताशी धरले. ही खेळणीही जपानची, ताकाराच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या दोन मालिकांतली. दुसरी तर ज्या ‘मायक्रोमॅन’मधून पूर्वी मायक्रोनॉट्स आले होते त्याचीच शाखा. डायाक्लोनमध्ये यंत्रमानव हे निर्जीव वाहन होते आणि आत बोटभर उंचीचा चालक बसे. मायक्रो चेंजमध्ये पिस्तूल, कॅसेट रेकॉर्डर अशा घरगुती आकाराच्या वस्तू यंत्रमानव होत. दोन वेगळ्या प्रमाणांतली, एकमेकांशी संबंध नसलेली ही खेळणी एका गोष्टीत बसवायची तर चालक काढून टाकून यंत्रांनाच जीव द्यावा लागणार होता. जिम शूटर यांनी सायबरट्रॉन ग्रह आणि तेथल्या दोन पक्षांच्या यादवीचा आराखडा लिहिला, मार्व्हलचेच संपादक डेनिस ओ’नील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव दिले, आणि पहिल्या मसुद्यावर हॅस्ब्रो समाधानी नसल्याने उरलेली बहुतेक नावे आणि स्वभावचित्रे तातडीने करण्याचे काम बॉब ब्युडियान्स्की या संपादकावर आले. मेगाट्रॉन हे नाव फार भीतिदायक आहे, त्यातून अणुबाँबची आठवण होते, असा हॅस्ब्रोचा आक्षेप होता. खलनायकाचे नाव भीतिदायकच असायला हवे, असे ब्युडियान्स्की यांनी उत्तर दिले आणि नाव राहिले.

१९८४ मध्ये चार अंकांची म्हणून जाहीर झालेली ही मालिका ऐंशी अंक चालली, आणि १९९१ च्या शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर संपादकांनी ‘चार अंकी मालिकेतला ऐंशीवा’ असे छापून स्वतःचीच फिरकी घेतली. परंतु ब्युडियान्स्की यांनी लिहिलेले अंक सलग वाचले की परवान्याचा काच जाणवतो: दर काही महिन्यांनी खेळण्यांचा नवा घाणा बाजारात येई, त्यातले आठ-दहा चेहरे एकाच अंकात दाखवावे लागत, आणि वाचकाची ज्यांच्याशी ओळख झाली ते जुने यंत्रमानव मागे ढकलले जात. छप्पन्नाव्या अंकापासून मालिका सायमन फर्मन यांच्याकडे गेली, जे ब्रिटनमध्ये तिच्याच साप्ताहिक आवृत्तीवर तयार झाले होते. तेथे अमेरिकेतला मासिक मजकूर आठवड्याच्या गतीने पटापट संपून जाई, म्हणून मधल्या जागा स्थानिक लेखकांनी भरायच्या होत्या. या टंचाईतूनच फर्मन यांना देव, उत्पत्ती आणि प्रलय असलेली यंत्रमानवांची एक पुराणकथा रचायला वाव मिळाला. प्रायमस हा निर्मातादेव त्यांचा, आणि हॅस्ब्रोने पुढे तो आपल्या अधिकृत इतिहासात सामावून घेतला.

सगळ्याच प्रयोगांना असे यश आले नाही. ट्रकच्या खेळण्यांवरचे ‘यू. एस. १’ बारा अंकांत आटोपले. परवान्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी मार्व्हलने स्वतःच पात्रे घडवून त्यांची खेळणी रेम्को कंपनीकडून करून घेतली, ते ‘क्रिस्टार’ही अकरा अंकांपलीकडे गेले नाही. १९८४ चे ‘सीक्रेट वॉर्स’ हा मात्र वेगळाच मासला आहे, कारण तेथे मार्व्हलचे स्वतःचे नायक खेळण्यांच्या तंत्राने चालवले गेले. मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या नायकांच्या पुतळ्या काढायच्या होत्या आणि त्यासाठी सगळ्यांना एकत्र आणणारी एखादी घटना हवी होती. ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द मुलांना आवडतात असे तिच्या चाचण्यांत दिसले होते, आणि शूटर यांनी त्या नावाची बारा अंकी मालिका लिहिली. तिच्यातून स्पायडरमॅनला मिळालेला काळा पोशाखच पुढे व्हेनम हा खलनायक बनला.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत पहिला मोठा प्रयत्न झाला तो एकाच छपराखाली. गेम बनवणारी अटारी आणि कॉमिक काढणारी डीसी या दोन्ही कंपन्या वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या, त्यामुळे १९८२ पासून गेमच्या डब्यात डीसीने केलेली छोटी कॉमिक्स येऊ लागली. पडद्यावर चार रंगीत चौकोन दिसत असताना ते अवकाशयान आहे आणि त्यात कोण बसले आहे, हे सांगण्याचे काम ती करीत. ‘सोर्डक्वेस्ट’ या चार गेमच्या योजनेत तर कॉमिकच्या चौकटींत लपवलेले शब्द शोधून गेममधल्या खुणांशी जुळवायचे होते आणि विजेत्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर किमतीचे जडजवाहीर मिळणार होते. दोन बक्षिसे दिली गेली, तेवढ्यात १९८३ ची मंदी आली, अटारी विकली गेली आणि चौथा गेम तेव्हा निघालाच नाही.

परवाना संपल्यावर काय उरते हे पाहायला गेले की कायद्याने कथेचे कसे तुकडे पाडले आहेत ते दिसते. रॉमचे नाव आणि रूप मार्व्हलच्या हातून गेले, तरी गॅलॅडोर आणि तेथले इतर अवकाशवीर मँटलो यांनी अंकांसाठी घडवलेले असल्याने मार्व्हलकडेच राहिले; त्यामुळे २००० साली मार्व्हलने ‘स्पेसनाइट्स’ ही मालिका काढली ती तिच्या नायकाशिवाय. दुसरीकडे आयडीडब्ल्यू या प्रकाशकाने, रॉमचे हक्क एव्हाना जिच्याकडे आले होते त्या हॅस्ब्रोच्या परवान्याने, २०१६ मध्ये ‘रॉम’ सुरू केले तेव्हा जुन्या कथेतले मार्व्हलचे जग त्याला वापरता आले नाही. असे तुकडे पडणार याबाबत संपादक मालिका चालू असतानाच सावध झाले होते. ट्रान्सफॉर्मर्सच्या अंकांत येणारी सर्किट ब्रेकर हे स्त्री-पात्र हॅस्ब्रोच्या मालकीचे होऊ नये म्हणून मार्व्हलने ते आधी स्वतःच्या ‘सीक्रेट वॉर्स २’ मालिकेत क्षणभर दाखवून घेतले. आणि ट्रान्सफॉर्मर्सच्या तिसऱ्या अंकात खप वाढवण्यासाठी स्पायडरमॅनला पाहुणा म्हणून आणले होते, तोच पाहुणा आयडीडब्ल्यूच्या पुनर्मुद्रणाच्या वेळी नडला आणि अंक वगळावा लागला.

करारच हाताशी नसेल तर काय होते, हे आर्ची कॉमिक्सच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ने दाखवले. १९९३ मध्ये सुरू झालेली ही मालिका २९० अंकांपर्यंत गेली आणि गेमवरील सर्वांत दीर्घ कॉमिक मालिका म्हणून तिची नोंद झाली. तिचे बरेच वर्षांचे लेखक केन पेंडर्स यांनी आपण निर्मिलेल्या पात्रांवर प्रताधिकार सांगितला. ‘मोबदल्यावर करून दिलेले काम’ असे मान्य करणारा स्वाक्षरीचा कागद प्रकाशकाला न्यायालयापुढे ठामपणे ठेवता आला नाही, आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर कथेतल्या विश्वाचाच फेरजन्म घडवून पेंडर्स यांची पात्रे एका रात्रीत पुसून टाकण्यात आली, आणि वीस वर्षे वाचणाऱ्यांना त्यांचा निरोपही घेता आला नाही. २०१७ मध्ये मालिका बंद पडली व पुढच्या वर्षी आयडीडब्ल्यूने ती नव्याने, आर्चीच्या अंकांसाठी घडवलेल्या पात्रांवाचून सुरू केली.

‘रॉम’ आणि ‘मायक्रोनॉट्स’चे मूळ अंक कित्येक वर्षे पुनर्मुद्रित होऊ शकले नव्हते, कारण त्यासाठी मार्व्हल आणि हॅस्ब्रो या दोघांचीही संमती लागे, ती अखेर जुळून आली आणि २०२४ पासून त्यांचे जाडजूड संग्रह निघू लागले. बिल मँटलो कॉमिक्सनंतर वकील होऊन गरिबांची बाजू न्यायालयात मांडत होते. १९९२ मध्ये एका पळून गेलेल्या मोटारीच्या धडकेत त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि लेखन थांबले. हामा यांची मालिका मात्र थांबलेल्या क्रमांकापासून पुन्हा सुरू झाली. २०१० मध्ये आयडीडब्ल्यूने १५६ वा अंक काढला, २०२२ मध्ये ती तीनशेवर पोहोचली, परवाना स्कायबाउंडकडे गेला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ३०१ वा अंक आला. प्रकाशक तिसरा, पात्रे हॅस्ब्रोची, आणि लेखक म्हणून नाव लॅरी हामा यांचेच.